रॉनी स्पेक्टरचा 'व्हेरी बेस्ट ऑफ' कुणी सलग ऐकलाय का?

भुईचाफा

साठच्या दशकातल्या अमेरिकन गर्ल ग्रुप्सचे संच पैशाला पासरी मिळतात. साचा ठरलेला. १९६१ ते ६६ मधली डझनभर गाणी, वर तीन मुलींचा फोटो (डोक्यावर उंच रचलेले केस, डोळ्यांत ओतलेलं काजळ) आणि आत निर्मात्याच्या प्रतिभेची आरती. १९६६ नंतर त्या मुलींचं काय झालं, याच्याशी संच काढणाऱ्याला काही देणंघेणं नसतं.

म्हणून २०१५ साली लेगसी या रेकॉर्ड कंपनीने काढलेला 'द व्हेरी बेस्ट ऑफ रॉनी स्पेक्टर' मला वेगळा वाटतो. रॉनेट्स या तिच्या त्रिकुटाची गाणी त्यात आहेतच, पण गाडी तिथे थांबत नाही. सत्तरच्या, ऐंशीच्या दशकांतून पार एकविसाव्या शतकापर्यंत येते.

ज्यांना ही बाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ नाव व्हेरॉनिका बेनेट, जन्म १० ऑगस्ट १९४३, न्यूयॉर्क. आई कृष्णवर्णीय आणि चेरोकी वंशाची, वडील आयरिश वंशाचे. थोरली बहीण एस्टेल आणि मावसबहीण नेड्रा टॅली यांच्यासोबत ती गायची. आधी कोलपिक्स कंपनीसाठी काही रेकॉर्डी झाल्या, त्या चालल्या नाहीत. पेपरमिंट लाउंजमध्ये नाचल्या, ब्रुकलिन फॉक्सच्या कार्यक्रमांत गायल्या. १९६३ मध्ये निर्माता फिल स्पेक्टरच्या (पुढे हाच तिचा नवरा) फिलीस रेकॉर्ड्सशी करार झाला, आणि त्याच वर्षी 'बी माय बेबी' अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं.

आता माझा मुद्दा. फिलने रॉनी 'घडवली' असं सगळीकडे वाचायला मिळतं. हा संच सलग ऐकल्यावर मला ते अजिबात पटत नाही. त्याने 'वॉल ऑफ साउंड' म्हणतात ती वाद्यांच्या आवाजाची भिंत बांधली, मान्य. पण त्या भिंतीतून आरपार येणारा आवाज त्याला आयता मिळाला होता. पुरावा संचाच्या उत्तरार्धात आहे, आणि तिथपर्यंत बहुतेक लोक पोचतच नाहीत. पहिली सहा गाणी झाली की बंद करतात.

तुमचं काय मत?


खरखर

आधी तांत्रिक बाजू. ही गाणी मोनोसाठी केलेली आहेत, मोनोतच ऐकावीत. स्टिरिओ करून दिलेलं काही कानावर पडलं तर सरळ पुढे जा.

हॉलिवूडमध्ये सांता मोनिका बुलेव्हार्ड आणि व्हाइन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गोल्ड स्टार नावाचा स्टुडिओ होता. खोली काही फार मोठी नाही. त्यात हा फिल तीन-चार गिटारी, दोन-तीन पियानो, एकाहून जास्त बास, ब्रास आणि खुळखुळे-कॅस्टनेट वाजवणाऱ्यांची फौज एकदमच कोंबायचा. सगळे तोच सूर धरून वाजवताहेत, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतोय. मग ते सगळं स्टुडिओच्या इको चेंबरमधून फिरवून आणायचं. वेगळं करतो म्हटलं तरी करता येणार नाही असा लगदा. तोच तर हवा होता! हे तडीस नेणारे दोघे म्हणजे ध्वनिमुद्रक लॅरी लेव्हिन आणि संयोजक जॅक निट्शे. आरती ओवाळायचीच तर त्यांच्याकडेही एक निरांजन फिरवा.

तुमच्या मुद्द्याशी अर्धा सहमत. आवाज तिचाच. पण ही भिंत नसती तर आज आपण तिच्यावर धागा काढला असता का?


ठेकेबाज

'बी माय बेबी'च्या सुरुवातीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून ही टपकणी.

ड्रमवाल्या हॅल ब्लेनचा तो ठेका टेबलावर वाजवून बघा. चार मात्रा मोजा. पायातल्या ड्रमचा पहिला ठोका एकवर. दुसरा दोन आणि तीनच्या बरोबर मध्ये. तिसरा तीनवर. आणि चारवर स्नेअर, काडकन. दोनवर काहीच नाही. रॉकच्या नेहमीच्या ठेक्यात दोन आणि चार या दोन्हींवर स्नेअर पडतो. इथे दोनची जागा रिकामी सोडल्यामुळे सगळा भार चारवर येतो. पुढे पन्नासेक वर्षं किती जणांनी हा ठेका उचलला याची गणती नाही.

आणखी एक. शेवटाकडे सगळं वाजणं अचानक थांबतं, नुसता हा ठेका परत येतो, आणि मग पूर्ण ताफा कोसळतो. हेडफोन लावून ऐका.

अवांतर: बीच बॉइजचा ब्रायन विल्सन हे गाणं गाडीत रेडिओवर ऐकून इतका हादरला की गाडी बाजूला घेऊन थांबला. पुढे आयुष्यभर हेच गाणं पुन्हापुन्हा ऐकत बसायचा.


भुईचाफा

@ठेकेबाज, दंडवत. आणि ब्रायन विल्सनचं नाव काढलंत ते बरं केलंत, कारण माझा पहिला पुरावा त्याचाच आहे.

'बी माय बेबी'नंतर त्याने 'डोन्ट वरी बेबी' बांधलं ते रॉनेट्स डोळ्यांसमोर ठेवून. फिलने घेतलं नाही. मग १९६४ मध्ये बीच बॉइजनीच ते गायलं आणि गाजलं. रॉनीने ते गायलं १९९९ मध्ये, रमोन्स या पंक बँडच्या जोई रमोनने पुढाकार घेऊन केलेल्या छोट्या रेकॉर्डवर. मध्ये पस्तीस वर्षं गेली. तिथे भिंत नाही, फौज नाही, मोजकी वाद्यं आहेत. आवाज खाली उतरलाय, कडा खरखरीत झाल्यात (@खरखर, तुम्हाला आवडेल). पण ओळीच्या शेवटी सूर सोडताना येणारं ते थरथरणं जसंच्या तसं. ते काही गोल्ड स्टारच्या इको चेंबरमधून आलेलं नव्हतं.

दुसरा पुरावा याहून पक्का आहे, पण तो रात्री. आत्ता ऑफिस.


नाक्यावरचा

तुम्ही सगळे सुरांत रंगलात, पण फिल स्पेक्टर हा माणूस कोण होता ते कुणीतरी सांगा की. २००९ मध्ये लाना क्लार्कसन या अभिनेत्रीच्या खुनाबद्दल दोषी ठरला, २०२१ मध्ये कैदेत असतानाच मेला. रॉनीला लग्नानंतर बंगल्यात डांबून ठेवायचा. तिने आत्मचरित्रात लिहिलंय. पळून जाऊ नये म्हणून तिच्या चपलाबूट काढून घ्यायचा, आणि तळघरात काचेच्या झाकणाची सोनेरी शवपेटी ठेवली होती, सोडून गेलीस तर यात घालीन म्हणून. १९७२ मध्ये आईच्या मदतीने ती अनवाणी बाहेर पडली.

असल्या माणसाच्या 'भिंती'चं कौतुक करताना जीभ कशी रेटते?


खरखर

वाटच बघत होतो या प्रतिसादाची. नाकेवाले, लॅरी लेव्हिन, हॅल ब्लेन, गाणं लिहिणारी एली ग्रीनिच, जेफ बॅरी, कॅरल केसारखी वादक मंडळी, या सगळ्यांचं काम त्या एका माणसाच्या पापात बुडवायचं?


न्यू जर्सीवाली

@नाक्यावरचा, तुमचा संताप रास्त आहे, पण रॉनीने स्वतः ही गाणी कधी टाकली नाहीत हेही बघा. टाइम्स स्क्वेअरजवळच्या बी. बी. किंगच्या क्लबमध्ये ती नाताळात कार्यक्रम करायची. आम्ही दोघं गेलो होतो. सत्तरीला टेकलेली बाई, केस तसेच उंच, आणि गाण्यांच्या मध्ये गप्पा इतक्या की आमचे हे म्हणाले, ही गाणार कधी. पण 'बी माय बेबी'चा तो ड्रम वाजला आणि सगळा क्लब उभा राहिला. तिथे फिलची आठवण कुणालाही येत नव्हती. गाणं तिचं होतं.

इकडे डिसेंबर लागला की दुकानादुकानांत रॉनेट्सचं 'स्ले राइड' सुरू होतं. ते ज्या नाताळच्या संचावर होतं, तो बाजारात आला २२ नोव्हेंबर १९६३ ला, म्हणजे केनेडींचा खून झाला त्याच दिवशी. तेव्हा कोण विकत घेणार नाताळची गाणी? आता मात्र दरवर्षी डिसेंबरात बिलबोर्डच्या यादीत वर चढतं.


तिसरी घंटा

श्रेय हा विषय निघालाच आहे तर थोडं तेल ओततो. 'बी माय बेबी'च्या मुद्रणात रॉनेट्सपैकी फक्त रॉनीचा आवाज आहे. मागचा कोरस दुसऱ्याच मंडळींचा, त्यात डार्लीन लव्ह आणि तेव्हा कुणाला माहीतही नसलेली, पुढे गाजलेली गायिका शेर (Cher). एस्टेल आणि नेड्रा नाहीत. उलटा प्रकारही याच कंपनीतला: १९६२ चं 'ही'ज अ रेबेल' पहिल्या क्रमांकावर गेलं, गायलं डार्लीन लव्हने, तिच्या ब्लॉसम्सच्या साथीने, आणि तबकडीवर नाव क्रिस्टल्स या दुसऱ्याच गर्ल ग्रुपचं. खऱ्या क्रिस्टल्स तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला होत्या.

आपल्याकडे 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. लताबाईंनी पुढे नावासाठी आणि रॉयल्टीसाठी भांडण मांडलं, त्यापायी रफीसाहेबांबरोबर काही वर्षं गाणं बंद राहिलं. या अमेरिकन मुलींच्या मागे तसं वजन नव्हतं. विशी-बाविशीच्या पोरी, समोर ठेवला तो कागद सही करून मोकळ्या.


वकिली काळा कोट

@तिसरी घंटा, त्या कागदाचीच गोष्ट सांगतो. हा खटला आमच्यासारख्यांना गाण्यांपेक्षा जास्त पाठ असतो.

१९६३ चा करार पाच वर्षांचा. तिघींना मिळून सुमारे १५,००० डॉलर उचल मिळाली, आणि त्यानंतर रॉयल्टी म्हणून एक छदामही नाही. १९६७ मध्ये गट मोडला. पुढची वीस वर्षं ही गाणी रेडिओवर, जाहिरातींत, सिनेमांत वाजत राहिली. १९८७ मध्ये 'डर्टी डान्सिंग' आला, त्याची सुरुवातच 'बी माय बेबी'ने होते. तिघींनी न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. त्यांचं म्हणणं: करारात सिनेमासाठी गाणं वापरू देण्याचा उल्लेखच नाही, म्हणजे तो हक्क आम्ही दिलेलाच नाही, त्या पैशात आमचा वाटा काढा.

निकाल लागायला २००० साल उजाडलं. खालच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने व्याजासकट तीसेक लाख डॉलरच्या घरात रक्कम दिली. अपिलातही टिकलं. मग २००२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च पातळीवर, न्यूयॉर्क कोर्ट ऑफ अपील्समध्ये, पारडं फिरलं. कोर्ट म्हणालं, मूळ मुद्रणाची मालकी तुम्ही विनाअट लिहून दिलीत. मालकी दिली म्हणजे ते कुठल्याही माध्यमात, पुढे निघणाऱ्या नव्या माध्यमातसुद्धा, वापरायचा हक्क दिला. करार मुका असेल तर त्याचा फायदा मालकाला. सिनेमा-जाहिरातींचे पैसे गेले. रेकॉर्डी, कॅसेटी, सीडीच्या विक्रीवरची रॉयल्टी मात्र कराराच्या दराने द्यावी लागेल, म्हणून हिशेबासाठी प्रकरण परत खाली.

यातला रॉनीपुरता पोटमुद्दा मला सगळ्यात आवडतो. १९७४ च्या घटस्फोटात तिने 'माझा कसलाही दावा उरलेला नाही' अशा अर्थाच्या कागदावर सही केली होती. फिलच्या वकिलांनी तो कागद पुढे केला: बाकी दोघींचं काय ते बघू, पण हिला काहीच मिळू नये. कोर्टाने कॅलिफोर्नियाचा कायदा लावून ते फेटाळलं. घटस्फोटाच्या वेळी तिच्या गाण्याची कमाई सोडून द्यायचा दोघांचाही इरादा नव्हता, असं मानलं. हरलेल्या खटल्यातली ही तिची जीत.

निकालाचं नाव 'ग्रीनफील्ड विरुद्ध फिलीस रेकॉर्ड्स'. ग्रीनफील्ड हे तिचं दुसऱ्या लग्नानंतरचं आडनाव. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी लिहून देता येणार नाही अशी दुरुस्ती २०१२ मध्ये झाली, ती का लागली हे समजून घ्यायचं असेल तर हा निकाल वाचावा.


नाक्यावरचा

काळा कोट, वाचनखूण साठवली. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण आता चिडायला नवी जागा मिळाली.


भुईचाफा

@वकिली काळा कोट, जबरदस्त. दुकानात ज्या संचावर तिचं नाव मोठ्या अक्षरात आहे, त्यातल्या निम्म्या गाण्यांची मालकी तिच्याकडे कधी नव्हती, हे डोक्यात ठेवून ऐकायला हवं.

आता दुसरा पुरावा. १९७१, बीटल्सची ॲपल ही रेकॉर्ड कंपनी. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं 'ट्राय सम, बाय सम', निर्मिती फिल आणि हॅरिसन दोघांची, मुद्रण लंडनला ॲबी रोडवर. चाल तीन मात्रांची, हळू, गोल गोल फिरणारी, आणि वर तंतुवाद्यांचा डोंगर. शब्द अध्यात्माकडे झुकणारे. आपण काय गातोय हे तिला कळत नव्हतं, असं तिने नंतर मोकळेपणाने सांगितलं. गाणं आपटलं, अमेरिकेत सत्तरच्या पलीकडेच राहिलं.

दोन वर्षांनी हॅरिसनने काय केलं? तोच वाद्यांचा ट्रॅक घेतला, रॉनीचा आवाज काढला आणि स्वतःचा चढवला. पट्टी धरलेली होती रॉनीसाठी. त्याचा आवाज तिथे ताणला जातो, वरच्या जागांवर अक्षरशः टाचा उंचावून उभा राहतो. दोन्ही पाठोपाठ ऐका. वाद्यं तीच, भिंत तीच, फरक फक्त गळ्याचा. रॉनीला शब्द कळत नव्हते तरी ती त्या डोंगरावर सहज चढून जाते.

कुणी कुणाला घडवलं, याचा इतका स्वच्छ प्रयोग सहसा सापडत नाही.


खरखर

पुरावा चांगला आहे, पण निकाल घाईचा. हॅरिसनला पट्टी जड गेली, यातून एवढंच ठरतं की ती हॅरिसनची पट्टी नव्हती. मला विचाराल तर ते गाणं रॉनीच्याही अंगावर बसत नाही. तिचा आवाज हट्टी, रस्त्यावरचा, लाडात येऊन धमकी देणारा. त्याला अध्यात्माची शाल पांघरली की गुदमरतो.

उत्तरार्धातलं मी एकच गाणं निवडेन: १९७७ चं 'से गुडबाय टू हॉलिवूड'. बिली जोएलने मूळ बांधलं तेच रॉनेट्सच्या थाटात. मग ज्यांच्यावरून स्फुरलं त्यांच्यातल्या खुद्द बाईनेच ते गायलं, मागे ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ई स्ट्रीट बँड, निर्मिती स्टीव्हन व्हॅन झँट. सॅक्सोफोन आणि तिचा आवाज एकमेकांवर ओरडतात, आणि ती हटत नाही.


कोवळी मेथी

मी इथली बहुतेक सगळ्यात लहान. मला रॉनी सापडली एमी वाइनहाउस या ब्रिटिश गायिकेमुळे. तो केसांचा मनोरा, डोळ्यांच्या कडेची काजळाची रेघ, सगळं रॉनेट्सवरून उचललेलं, आणि एमी ते लपवायची नाही. २०११ मध्ये एमी गेल्यावर रॉनीने 'बॅक टू ब्लॅक' गायलं आणि व्यसनमुक्तीच्या कामासाठी काढलं.

एमीच्या आवाजात ते गाणं आत्ताच जखम झालेल्या मुलीचं आहे. रॉनीच्या आवाजात ती जखम जुनी झालीय. रडत नाही, फक्त आठवते. मला दुसरं जास्त लागलं.

एक प्रश्न: 'टेक मी होम टुनाइट' नेमकं कुणाचं? एडी मनीचं की रॉनीचं?


न्यू जर्सीवाली

@कोवळी मेथी, नाव एडी मनीचं, वर्ष १९८६, अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. गाण्यात तो रॉनीचं नाव घेतो आणि खुद्द रॉनी येऊन 'बी माय बेबी'चे ते शब्द टाकते. त्यामुळे तिला नवी पिढी मिळाली हे खरं. पण मला ते ऐकताना कसंसंच होतं. तेवीस वर्षांनी बोलावून आणायचं आणि पुन्हा तेच शब्द म्हणायला लावायचे!


भुईचाफा

@न्यू जर्सीवाली, माझी या संचाबद्दलची तक्रार हीच. उत्तरार्धात तिला बोलावणारे सगळे तिचे भक्त आहेत: व्हॅन झँट, जोई रमोन, एडी मनी. प्रत्येकाला विशीतली रॉनी हवी आहे. त्यातल्या त्यात जोईने तिला आहे त्या वयाची राहू दिलं, म्हणून १९९९ ची गाणी मला सर्वांत वरची वाटतात. जॉनी थंडर्सचं 'यू कान्ट पुट युअर आर्म्स अराउंड अ मेमरी' तिने त्याच वेळी गायलंय. ते रात्री ऐकू नका. किंवा रात्रीच ऐका.


तिसरी घंटा

माझी तक्रार निराळी. 'कारकीर्दभराचा संच' म्हटलं की एकीचं नाव वर येतं आणि दोघी खाली जातात. २००७ मध्ये रॉनेट्सना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ओळख करून दिली (१९६४ च्या इंग्लंड दौऱ्यात रॉनेट्सच्या आधी स्टोन्स वाजवायचे!). एस्टेल मंचावर आली, दोन वाक्यं बोलली. मानसिक आजाराने तिचं आयुष्य होरपळलं होतं. २००९ मध्ये गेली. तिच्या नावाचा संच कुठेही नाही, कारण संच भरेल एवढं तिला कधी गाऊच दिलं नाही. १९६६ मध्ये बीटल्सच्या अमेरिका दौऱ्यात फिलने रॉनीला जाऊ दिलं नाही, तेव्हा एस्टेल आणि नेड्राच नात्यातल्या दुसऱ्या एका बहिणीला घेऊन गायल्या. तो आवाज कुठे आहे?


खरखर

+१. याला माझ्याकडे उत्तर नाही.


कोवळी मेथी

सुरुवात कुठून करू ते सांगा कुणीतरी. सलग ऐकायला गेले तर मीही सहाव्या गाण्याला बंद करेन.


भुईचाफा

@कोवळी मेथी, उलटं ऐक. 'बॅक टू ब्लॅक' तुला माहीतच आहे, तिथून. मग 'डोन्ट वरी बेबी', मग खरखर यांचं 'से गुडबाय टू हॉलिवूड', मग 'ट्राय सम, बाय सम' आणि लगोलग हॅरिसनचं. त्यानंतर 'वॉकिंग इन द रेन'. ते ढगांच्या गडगडाटासकट ऐकायचं. 'बी माय बेबी' सगळ्यात शेवटी, आणि त्यात फक्त मधल्या ओ-ओ-ओकडे लक्ष दे. गोल्ड स्टारमध्ये ती बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन सराव करायची, तिथे आवाज छान घुमतो म्हणून. ते ओ-ओ तिथे आरशासमोर घोटलेले आहेत.


ठेकेबाज

आत्ताच दोन्ही 'ट्राय सम' पाठोपाठ ऐकली. पट्टीचं भुईचाफा म्हणतात ते बरोबर, हॅरिसन खरंच धापा टाकतो. पण गाणं कंटाळवाणं आहे हे खरखर यांचं म्हणणंही बरोबर.

१९८० च्या 'सायरन'वर अजून कुणीच बोललेलं नाही. जेन्या रेव्हनने निर्मिती केलेला, तिचा पहिला स्वतंत्र अल्बम. इथेच लिहू की नवा धागा?


भुईचाफा

नवा काढा. तुम्हीच.